गप्प बसलेली लहर

कॅसेट न घातलेला आमचा टेपरेकॉर्डर एका संध्याकाळी पुरुषी आवाजात म्हणाला, "थांब हं, जुळवतो. आता येतोय का आवाज?" डोंबिवलीत मानपाडा रोडला आमचं नवं बिऱ्हाड. मी विज्ञानाची पदवीधर. लगोलग टेपरेकॉर्डरवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. नवरा म्हणाला, "त्याला दृष्ट लावणार कोण, तू?"

आवाज खालच्या मजल्यावरच्या दामलेकाकांचा निघाला. परवानेवाले हौशी रेडिओवाले, म्हणजे घरच्या सेटवरून दूरच्यांशी बोलणारे; त्यांच्या लहरी आमच्या टेपरेकॉर्डरमध्ये शिरत. मी भांडायला गेले, तर काका म्हणाले, "अगं, पाहुणा समज. चहा तरी मागत नाही ना?"

टेबलावर लष्करी भंगारातला अँटेना ट्यूनर होता. हिरवट खोका, काचेआड तांब्याचं वेटोळं. गच्चीवरची तार आखूड. ट्यूनर जुळल्याशिवाय आवाज लांब जात नसे. काका डोळे मिटून त्याचं चाक फिरवत. "म्हातारा आहे. घाई खपत नाही त्याला."

पलीकडे खडवलीला त्यांचा मेहुणा, तोही परवानेवाला. त्याच्या घरी काकू, अर्धांगाने वाचा गेलेल्या. काकांना एकट्याने उचलणं झेपेना, म्हणून भावाकडे. रोज दिवेलागणीला काका बोलत, मग मेहुणा काकूंपुढे माइक धरी.

"त्या बोलत तर नाहीत," मी म्हटलं. "आणि नवे सेट आलेत म्हणे."

"नव्यात बोललं तरच माणूस असतं. आमच्या या जुन्या एएममध्ये माइक चालू असला की गप्प बसलं तरी लहर येते. ऐक, खरखर दबली. बसलीय ती."

मला ओ की ठो कळलं नाही. गाणं कळल्यासारखी मान डोलावली.

काकू थंडीत गेल्या. तेरावं उरकून मेहुणा डोंबिवलीला काकांकडे आला होता. दिवेलागणीला काकांनी सवयीने चाक फिरवलं. आम्ही अडवलं नाही. नुसती खरखर. मग ती हळूहळू दबली. सेटवरचा, लहर आल्याचं दाखवणारा काटा वर चढला आणि तिथेच राहिला.

मेहुणा कुजबुजला, "भावोजी, खडवलीच्या घराला कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात."

"दुसरं कोणी असेल," मी म्हणाले. पदवी एवढ्यालाच कामी आली.

"दुसरं कोणी असतं तर बोललं असतं," काका म्हणाले.

त्यांनी माइक जवळ ओढला. पलीकडून शब्द नाही, काटा मात्र वरच. मग काका माइकमध्ये हलकेच म्हणाले, "दमली असशील. जा आता." काटा खाली आला. खरखर परतली. काकांनी सेट बंद केला, ट्यूनरची तार सोडवली आणि गुंडाळून ठेवली.

"उद्या पुन्हा लावून बघू या ना," मी म्हणाले. भीतीने दातखीळ बसायची वेळ, तरी हौस बघा!

"नको गं," काका म्हणाले. "मी हाक मारत राहिलो, तर तिला यावंच लागेल."