देवीपुढचा पाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि देवापुढं तर नाहीच — देवीचं नाव या पापात मीच ओढलं, मग तिला काय तोंड दाखवू? तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, म्हातारपणी मन हळवं झालं म्हणून बोलतोय असं समजू नका. हळवा मी कधीच नव्हतो.

कलासिपाळ्यला माझं ट्रक दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. घर बसवनगुडीत, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलेच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. सगळी गल्ली मला अण्णा म्हणायची. आणि ते मला फार आवडायचं — हे लक्षात ठेवा, सगळं रामायण त्यातूनच घडलं.

तेव्हाचे ट्रक म्हणजे विचारूच नका! माल उंच भरला की वळणावर असे कलंडायचे की ड्रायव्हर कुलदैवताला हाक मारायचा. लष्कराच्या भंगारात एका मोटारीखाली मी एक आडवा पोलादी दांडा बघितला. दोन्ही टोकं वाकवलेली, मधला भाग आसाला पकडींनी आवळलेला, टोकं वर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेली. गाडी एका अंगाला झुकली की दांड्याला पीळ बसतो आणि तो तिला परत सरळ ओढतो. मी भट्टी पेटवून तसाच दांडा ट्रकसाठी घडवला. पहिला बसवला तो कापसाच्या गाठी वाहणाऱ्या एका ट्रकला. त्याचा ड्रायव्हर यल्लाप्पा, निपाणीकडचा, पस्तिशीचा, कामाला वाघ. पहिली फेरी करून आला तो हसतच. "अण्णा, गाडी आता रस्ता सोडत नाही बघा!"

दांडा चांगला होता. आजही छातीठोकपणे सांगतो. कुणी इंजिनियर येऊन मला त्यातली खोट दाखवू दे — आहे हिंमत? त्या दांड्याच्या भरवशावर मी मागच्या कमानींतला, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांतला, एकेक पाटाही काढून टाकला होता, गाडी मऊ चालावी म्हणून. म्हणजे आता वळणावर गाडी सावरायची ती दांड्यानंच. फक्त एक होतं. नव्या पकडी पहिल्या भरलेल्या फेरीत बसतात आणि त्यांचे नट ढिले पडतात. ते पुन्हा आवळावे लागतात. मला माहीत नव्हतं? माझ्याइतकं कुणाला माहीत होतं!

यल्लाप्पा पुढच्या फेरीहून परत आला तो नेमका खंडेनवमीला, आणि नट अजून आवळलेले नव्हते. आमच्याकडं आयुधपूजा म्हणतात. पाने, हातोडे, जॅक, सगळं घासूनपुसून देवीपुढं मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. अंगणात केळीचे खुंट बांधलेले, कोहळा फुटलेला, आणि तीन ट्रकमालक माझ्यापुढं उभे. मी त्यांना दांड्याचं गुणगान ऐकवत होतो. एकदा बसवला की बघायला नको, असं म्हणालो होतो — हो, याच शब्दांत.

आणि तेवढ्यात हा. "अण्णा, खालनं कडकड आवाज येतोय. स्वल्प पाना लावून द्या की. मालक म्हणतोय आत्ताच मंगळूरला निघ."

पाच मिनिटांचं काम होतं. पण त्या तिघांदेखत गाडीखाली शिरायचं? माझाच दांडा ढिला झालाय म्हणून दाखवायचं?

मी आवाज चढवला. "देवीपुढचा पाना उचलायला सांगतोस? काही लाज आहे का रे तुला?"

सगळे हसले. यल्लाप्पानं गालांवर थापटून घेतलं, "चुकलं, अण्णा," म्हणाला आणि गाडी काढली. रीत पाळली म्हणाल तर ऐका — आदल्याच वर्षी, त्याच दिवशी, एका बड्या साहेबाच्या मोटारीसाठी मी खुशाल पाना उचलला होता. रीतबीत काही नाही. मला माझी शान प्यारी होती.

सकलेशपूरच्या पुढं, घाटात, ट्रक उलटला. मी बघायला गेलो. एका बाजूची पकड सुटून दांडा लोंबत होता. एक नट जागेवर नव्हताच. आसपास कुणी नव्हतं. मी ती पकड काढून खिशात घातली. आणि यल्लाप्पाच्या मालकानं विचारलं तेव्हा सांगितलं, "उतारावर भरधाव हाणली असणार. दांडा काय करील बापडा?"

मालकानं यल्लाप्पाला हाकलला. त्याचा उजवा हात कोपरात चुरडला होता, स्टिअरिंग धरायच्या लायकीचा राहिला नव्हता. पण गेलं ते नुसतं काम नाही, नावही गेलं. बेदरकार ड्रायव्हर म्हणून. माझे दांडे मात्र खपत राहिले. मी नट दोनदा आवळायला लागलो, एवढाच काय तो फरक.

पुढच्या आयुधपूजेला तो माझ्या दारात आला. मला वाटलं, आता हा सगळ्यांदेखत माझी अब्रू काढणार. काढली असती तर मीही भांडलो असतो, गप्प बसणारा मी नव्हेच! पण तो भांडायला आलाच नव्हता. हातात नारळ. बायकोही सोबत. म्हणाला, पूजेच्या दिवशी पाना मागितला, देवीनं शिक्षा केली. आता तिची क्षमा मागतो, अण्णा, तुम्ही तेवढं सांगा तिला.

तो माझ्या पान्यांपुढं आडवा झाला. त्याच्या बायकोनंही कपाळ टेकलं. मी बघत उभा राहिलो. नारळ मीच फोडला. "देवी मोठ्या मनाची आहे," असंही म्हणालो.

मग त्यानं प्रसादाला हात पुढं केला. उजवा कोपरात वळत नव्हता, म्हणून डाव्यानं उचलून धरला. मी त्यावर चुरमुरे ठेवले.