सायबीण आणि माझा कापरा हात

लातूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासणीचा कागद पुढे ठेवला आणि सरळ सांगितलं, मांजरीची मूत्रपिंडं थकलीत, आता बरं होणं नाही. पण एक दिवसाआड कातडीखाली सलाईन दिलं तर काही महिने सुखाने जातील. मी विचारलं, देणार कोण? ते म्हणाले, तुम्हीच, घरी. मी माझा उजवा हात टेबलावर ठेवला. म्हातारपणामुळे तो सारखा कापतो. डॉक्टरांनी तरी सलाईनच्या बाटल्या माझ्या पिशवीत ठेवल्या.

सायबीण आमच्या घरी सतरा वर्षं होती. आमचे हे चाकूरला तहसील कचेरीत कारकून होते. दप्तरखान्यात सापडलेलं पिल्लू त्यांनी घरी आणलं. ते त्यांच्या फायलींवरच ऐटीत बसायचं, म्हणून नाव पडलं सायबीण. खरं सांगते, मला मांजर आवडत नव्हतं. देवघरापाशी आली की मी तिला हाकलून द्यायची. पुढे यांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून ती त्यांच्या पायाशी बसू लागली. दरवर्षी दत्तजयंतीला माहूरला जायचा माझा नेम होता. त्या वर्षी मन होत नव्हतं, तर हेच म्हणाले, "जाऊन ये. मी कुठं पळून चाललोय?" मी तिकडे दर्शनाच्या रांगेत उभी होते आणि इकडे भर दुपारी हे गेले. शेजारच्या कमलबाई जेवण घेऊन आल्या तेव्हा सायबीण यांच्या पायावर बसलेली होती. शेवटच्या घडीला मी नव्हते, ती होती.

त्यानंतर दिवा रोज लावत राहिले, पण देवाशी बोलणं तुटलं. हात जोडायचे आणि उठायचं. ज्याच्या दारी गेले त्यानेच मला अशी वेळ दाखवावी, हे मनातून जात नव्हतं. सायबीण मात्र यांच्या मागे चार दिवस उपाशी राहिली आणि पाचव्या दिवशी आपण होऊन माझ्या मांडीवर येऊन बसली. त्या दिवसापासून ती माझी झाली.

डॉक्टरांनी दिलेल्या सलाईनच्या बाटल्या घेऊन मी घरी तीन वेळा प्रयत्न केला. एकदा सुई कातडीच्या आरपार गेली आणि सगळं पाणी तिच्या अंगावरून वाहिलं. एकदा ती ओरडली, तर माझाच धीर सुटला. तिसऱ्या वेळेला ती पलंगाखाली जाऊन बसली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, आई, वय झालंय तिचं, आता तिचेही हाल नको आणि तुझेही. तो चुकीचं बोलत नव्हता. पण मी ठरवलं, घरी जमत नसेल तर लातूरला न्यायचं. झाकणाची टोपली घेतली, आत यांचं जुनं धोतर अंथरलं आणि एक दिवसाआड एसटीने जाऊ-येऊ लागले. दोन आठवडे असे काढले. सलाईनने तिला हुशारी यायची आणि प्रवासाने ती गळून जायची.

एके दिवशी पोचले तर दवाखान्याला कुलूप. डॉक्टर कुठल्याशा खेड्यात अडलेल्या म्हशीसाठी गेले होते. मी तीन तास पायरीवर बसले. शेवटी उठून परत यायला चाकूरवरून जाणाऱ्या नांदेडच्या गाडीत बसले. टोपलीत सायबीण मानही उचलत नव्हती. कितीतरी वर्षांनी मी मनातल्या मनात देवाशी बोलले, तेही रागानेच. म्हटलं, तुझ्याकडे काही मागत नाही. तू ये नाहीतर नको येऊ, मी हिला सोडणार नाही.

माझ्या शेजारी साठीतली एक बाई बसली होती. तिने विचारलं, "टोपल्यात काय हाय?" मी सगळं सांगितलं, हाताचंही सांगितलं. तिने आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. तोही कापत होता, माझ्यापेक्षा जास्तच.

"तीस वर्षं सरकारी दवाखान्यात लेकरांना सुया दिल्या या हातानं," ती म्हणाली. "एकालाबी कळलं न्हाई. सलाईन हाय का घरी?"

मी 'हाव' म्हणून मान हलवली. तिला नांदेडला लेकीकडे जायचं होतं, तरी चाकूर आलं तशी ती पिशवी घेऊन माझ्याबरोबर उतरली. मागनं दुसरी गाडी हाय की, एवढंच म्हणाली.

घरी तिने बाटली कोमट पाण्यात ठेवायला लावली आणि खिडकीच्या गजाला टांगली. सायबीणला माझ्या मांडीत बसवलं. सुई मात्र स्वतः हातात घेतली नाही, माझ्याच हातात दिली. "मनगट गुडघ्यावर टेकवा. डाव्या हातानं कातडी अशी उचला, तंबूसारखी. आता घाई न्हाई करायची. हात कापू द्या, सुई आपल्या जाग्यावर जाती."

सुई गेली. बाटलीत बुडबुडे चढू लागले. सायबीणने नुसता कान हलवला. मी रडत होते आणि ती बाई शांतपणे बाटलीकडे बघत होती. चहा घेऊन ती पुढच्या गाडीने गेली. नाव विचारायचं मला सुचलंच नाही. ती कोण होती, त्याच दिवशी त्याच गाडीत कशी आली, याचा मी कीस पाडत नाही. त्या संध्याकाळी दिव्यापुढे बसले आणि पुष्कळ वेळ बोलले.

पुढचे पाच महिने सलाईनची एकही पाळी चुकू दिली नाही. सायबीण दूधभात खाऊ लागली, उन्हाच्या कवडशामागे सरकत अंगणात झोपू लागली. मग एका सकाळी तिने खाणं सोडलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता सुई पुरे. ते ऐकणं मला सुई टोचण्याहून जड गेलं. जिद्दीची सवय झाली होती, थांबायची नव्हती. तरी मी बाटली खाली उतरवली. दोन दिवस तिला मांडीवर घेऊन बसले, तिच्या तोंडाला बोटाने पाणी लावत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिने एक लांब श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही.

परसात खड्डा करताना कमलबाई म्हणाल्या, "एवढं माणसाचंबी कुणी करत न्हाई." देवाला शरण जायचं म्हणजे हातपाय गाळून बसायचं, असं मी जन्मभर समजत होते. तसं नसावं. धरून ठेवायचं बळ त्याने दिलं आणि वेळ आली तेव्हा सोडायचंही त्यानेच दिलं. त्याचे उपकार मानायला मला शब्द सापडत नाहीत. माझं त्यात एवढंच, की मी तिच्याजवळून उठले नाही.