काकीच्या चौदा कॅप्सूल

आमच्या शेजारच्या काकीला एकटीनं काही खाताच येत नसे. हातावर गुळाचा खडा ठेवला, तरी आधी तो फोडायची आणि आजूबाजूला कोण आहे ते बघायची. कुणीच नसलं तर खडा पदराला बांधायची. नव्वदच्या दशकात मी कल्याणहून किन्हवलीला सून म्हणून आले. पहिल्याच दुपारी तिनं अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. माझं जेवण झालं होतं, पण ते सांगायचा धीर झाला नाही. पुढेही तिला कधी नको म्हणता आलं नाही.

भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीत, तिच्या पायात काटा मोडला, पाय सुजला, ताप आला. डॉक्टरांनी काटा काढून चौदा कॅप्सूल दिल्या. सात दिवस, सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. घरी आल्यावर मी तिला हे दोनदा समजावलं. बारावी झालेली सून म्हणून तो मान माझ्याकडे होता.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि काकीला राहवेना. तिच्या दिराची दाढ दुखत होती, त्याला चार दिल्या. डोळखांबच्या भाचीला ताप होता, तिला कुणाबरोबर तरी चार धाडल्या. माझा घसा दुखत होता, म्हणून मला दोन.

"मला गुन आला, मग तुला का नाय येनार?" म्हणाली.

खरं सांगते, मी त्या घेतल्या. डॉक्टरांचं सगळं पाठ असून कशा घेतल्या, हे अजून मला उमगलेलं नाही.

आठवड्यानं पाय पुन्हा फुगला. लाली पोटरीपर्यंत चढली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या सगळ्या घेतल्यात ना?"

"घेतल्या की," काकी म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे हे औषध लागू पडत नाही. शहापूरला न्या. पायाचं मी काही सांगू शकत नाही."

मी पार गोंधळले. तिला चारचौघांत खोटं पाडायचं? आणि गप्प बसले तर पायाचं काय? शेवटी एका दमात सगळं बोलून टाकलं. तिनं चारच घेतल्या, बाकीच्या वाटल्या, त्यातल्या दोन मी खाल्ल्या.

डॉक्टर माझ्यावरच जास्त चिडले. माझा घसा तसाही बरा झाला असता म्हणे. काकीला इंजेक्शनं, मग नव्यानं पूर्ण कोर्स, आणि दोन दिवसांत लाली उतरली नाही तर लगेच शहापूर.

परतताना जीपमध्ये काकी एवढंच बोलली, "दिल्यालं कुनी असं सांगतं का गो?"

मी रोज दोन वेळा तिच्यापुढे जाऊन उभी राहायचे. भिंतीकडे बघत तिनं शेवटची गोळीसुद्धा गिळली. पाय वाचला. नंतर ती माझ्याशी बोलायची, हसायची. राग होता की नव्हता, कोण जाणे. बरोबर वागूनही माणूस चुकतो का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. ती मला फार आवडायची, एवढं मात्र नक्की.

दोन वर्षांनी आम्ही बिऱ्हाड कल्याणला हलवलं. निघताना कुणी तांदूळ दिले, कुणी पापड. काकी तिच्या दारात उभी होती, दोन्ही पायांवर सरळ. मी पाया पडले. "जपून राव्हा," ती म्हणाली. मी तिच्या हातांकडे बघत होते. त्यांत काही नव्हतं.