बूट ज्याच्या पायात, तो पुढे

आमच्या सासूबाई नऊवारी लुगड्यावर बूट घालायच्या. घोट्यापर्यंतचे, तपकिरी, जाड चामड्याचे मर्दानी बूट. सासरे मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात कामाला होते. ते वारले आणि त्यांचे बूट बायकोने पायात चढवले. पाय लहान, म्हणून पुढे जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबायच्या. काजूच्या बागेत बूट, कट्टा गावच्या बाजारातही बूटच. एकदा एका दुकानदाराने विचारलं, "काकी, लष्करात भरती झालंस काय?"

"व्हय. तुज्या चपलेचो पट्टो तुटलो काय माका हाक मार."

सगळे हसले. मी, नवी सून, नारळाच्या ढिगाआड.

पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून बुटांना खोबरेल चोळून त्या ते चुलीवरच्या दांडीला टांगायच्या, सुक्या बांगड्यांच्या शेजारी. मी बांगडा काढायला हात वर केला आणि हाती बूट आला. "तेका शिजाक वेळ लागतलो गो," सासूबाई म्हणाल्या.

मी तेव्हा स्वतःला फार नाजूक समजत होते. खरं तर माझे पाय भलेमोठे. दाखवण्याच्या वेळी आईने ते साडीच्या काठाखाली दडवले होते आणि लग्नानंतर मी ते एक नंबर लहान, उंच टाचेच्या सँडलमध्ये कोंबत होते. सासूबाईंनी उंबरठ्यावरच ते पाहून घेतले. "पाय बरे आसत तुजे," एवढंच म्हणाल्या. मला तो टोमणा वाटला. रुसून मी त्या दिवशी जेवले नाही. म्हणजे दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, बागेत जाताना मी मुद्दाम बरीच मागे राहायची. ही बूटवाली माझी कोण, असं कुणी विचारायला नको. काजूच्या हंगामात एका सकाळी पाचोळ्यातून विषारी फुरसं उसळलं आणि सासूबाईंच्या बुटावर आदळलं. चामड्यावर दातांचा ओरखडा, बाकी काही नाही. त्यांनी काठीने ते बाजूला सारलं. मी मागे अशी उडाले, की सँडलची टाचच मोडली.

सासूबाई दगडावर टेकल्या. बूट काढले, चिंध्या उपसल्या आणि बूट माझ्यापुढे ठेवले. मी पाय घातले. टाचेपासून अंगठ्यापर्यंत नेमके बसले.

"बघ, भरले. आता तू फुडे चल."

"मी?"

"जेच्या पायात बूट, तेना फुडे चलाचा. म्हणान तर तुका इतके दिस मागे चलाक दिलंय."

माझी लाज त्यांना कळली होती की नाही, ते मी कधी विचारलं नाही. त्या अनवाणी, माझ्या पावलावर पाऊल ठेवत घरी आल्या.

शेवटच्या आजारात म्हणाल्या, "लुगडी कोणाकय द्या. बूट घराभायर जावक देव नकात." जाऊ दिले नाहीत. माझ्या मुलाने मुंबईहून हलके, रंगीत बूट आणले. जांभ्या दगडाने एका हंगामात त्यांचा चोथा केला. सासऱ्यांच्या बुटांना अधूनमधून नवा तळ लागतो, चामडं मात्र तेच. ओरखडाही आहे. पाहुण्यांनी विचारलं नाही तरी मी दाखवते.

आता काजूच्या दिवसांत मी पुढे असते आणि माझी सून बरीच मागे, मोबाईलमध्ये डोकं घालून, आपली ओळखच नाही अशी. येऊ दे सावकाश. तिचे पाय मी पाहून ठेवलेत. लहान आहेत.

चिंध्या जपून ठेवल्या आहेत.