‘दान’ मासिकाचा घडीवाला

सोंगट्यांच्या पटावर समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू. खेळ चौघांचा, पण जिंकायचं ते जोडीनं. एकाच्या सगळ्या सोंगट्या घरी पोचल्या आणि दुसऱ्याच्या वाटेत अडकल्या, तर त्या पोचण्याला काडीचा अर्थ नाही. बाळीवेशीतला रेवणसिद्ध हत्तुरे हा नियम जरा जास्तच मनावर घेऊन बसला होता. गिरणीच्या घडी खात्यात कापडाच्या घड्या घालायच्या आणि सुट्टीच्या दिवशी कट्ट्यावर पट अंथरायचा, एवढंच त्याचं जग. स्वतःची सोंगटी घराच्या तोंडाशी आली, तरी हा गडी ती आत न घेता पुन्हा अख्ख्या पटाची फेरी मारायला सोडायचा. का, तर भिडूच्या सोंगटीला सोबत पाहिजे! बघणारे कपाळावर हात मारून घ्यायचे.

हा भिडू म्हणजे मानसिंग. मूळचा माळशिरसचा, सोलापुरात एका वकिलाकडे कारकून. गोड बोलायचा. त्याच्याशी बोलून उठलेल्या माणसाला वाटायचं, आज आपणच फार शहाण्यासारखं बोललो. रेवणसिद्ध त्याला ‘मानसिंगराव’ म्हणायचा आणि तो याला ‘रेवणा’. दोघं एकाच वयाचे होते.

पटावरच्या खेळांचं मासिक काढायची टूम मानसिंगचीच. सोंगट्या, वाघ-बकरी, देशी बुद्धिबळ, सगळं त्यात यायचं. नाव मात्र रेवणसिद्धानं सुचवलं: ‘दान’. कवड्या फेकल्यावर पडतं ते दान. खेळणाऱ्याला यापेक्षा गोड शब्द नाही. आता खेळणारे सोडून बाकी जगाला दान म्हणजे दानधर्म, हे या दोघांच्या डोक्यातच आलं नाही. पहिला अंक निघाला आणि कुठल्याशा मठातून गोदानाच्या पुण्याईवर भलामोठा लेख आला. रेवणसिद्ध हसून हसून बेजार झाला. मानसिंग हसला नाही. त्यानं तो लेख नीट घडी करून ठेवून दिला.

सरकारदरबारी मालक, प्रकाशक, संपादक म्हणून सही करायची वेळ आली, तेव्हा मानसिंगनं विचारलं, “तुजंबी नाव टाकू का?”

“टाका तुमचंच. मला भोंग्याला हजर व्हायचं असतंय, कचेरीत कोन चकरा मारणार?” रेवणसिद्ध म्हणाला. “नाव कुनाचं का असंना, डाव दोगांचा हाय की.”

पटावर हे बरोबर होतं. पटाबाहेर इतकं भाबडं वाक्य दुसरं सापडायचं नाही, पण त्याला कोण सांगणार?

मग काही वर्षं मोठ्या सुखाची गेली. मंगळवार पेठेतल्या छापखान्यातून ओल्या शाईच्या वासाचे कागद आले की रेवणसिद्धाच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नसे. तो घड्या घालायचा. गिरणीत ठाण हाताळलेला हात, कागदाची कडा कडेला अशी बसवायचा की बोट फिरवलं तरी लागू नये. त्याची बायको ईरम्मा पिठाची खळ शिजवायची, झुरळं लागू नयेत म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकायची, आणि नवऱ्याला शिव्या घालत अंकांना पट्ट्या चिकटवायची. पट्टीवर वाचकाचा पत्ता असे, रेवणसिद्धाच्या वळणदार, थोड्या आडव्या अक्षरात. सगळे गठ्ठे सायकलला बांधून तो स्टेशनवर रेल्वे टपालाच्या खिडकीत नेऊन द्यायचा. तिथले लोक त्याला बघितलं की “आलं बगा दान!” म्हणत हात पुढं करायचे.

आणि एक सदर होतं, ‘आमच्या गावची रीत’. त्याखाली नाव नसायचं, पण ते रेवणसिद्धाचं, हे सगळ्या वाचकांना ठाऊक. सोंगट्यांचे नियम दर गावाला वेगळे, त्यावरून भांडणं ठरलेली. जेऊरकर म्हणत आमचं खरं, माळशिरसकर म्हणत आमचं. सगळे ‘दान’कडे न्याय मागायचे आणि रेवणसिद्ध जो निवाडा छापायचा तो मुकाट्यानं मानायचे. वळसंगला सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला इमामसाब हा त्यातला सगळ्यात भांडखोर वाचक, आणि म्हणूनच सगळ्यात जवळचा. वळसंगच्या दोन आळ्यांत एका सोंगटीवरून वर्षभर बोलणं बंद होतं. दोन्हीकडच्यांना पटापुढं बसवून इमामसाबनं कबूल करवून घेतलं होतं, की रेवणसिद्ध काय छापील ते शेवटचं. तो निवाडा येत्या अंकात यायचा होता.

आणीबाणीचं साल होतं. नवं मासिक काढायचं तर परवानगी मिळवता मिळवता नाकी नऊ यायचे. आधीपासून चालू असलेल्या नावाला त्यामुळं भलताच भाव आला होता. सोलापुरातल्या एका शेठजींच्या धर्मादाय संस्थेला स्वतःचं मासिक हवं होतं, आणि ‘दान’ या नावावर त्यांचा डोळा गेला. अगदी ठेवणीतलं नाव! यातलं रेवणसिद्धाला काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की मानसिंगराव हल्ली पटावर चुकीच्या सोंगट्या उचलतात.

मग एक दिवस मानसिंग म्हणाला, “रेवणा, ह्या खेपंचा अंक मोठ्या प्रेसात छापतोय. रंगीत कव्हर. घड्या, पट्ट्या समदं तितंच करत्यात. तू फकस्त पत्ते लिवून दे आन् स्टेशनवर टाकून ये.”

घड्या आपल्या हातच्या नाहीत याचं रेवणसिद्धाला वाईट वाटलं. पण रंगीत कव्हर म्हटल्यावर छातीही फुगली. त्यानं पट्ट्यांवर पत्ते लिहून दिले, आणि प्रेसातून पट्ट्या लागून आलेले गठ्ठे सायकलला बांधले. पट्टीच्या कडेनं गुळगुळीत कागद दिसत होता. एखादा अंक ओढून बघायचा मोह झाला, पण पट्टी लागली की अंक वाचकाचा, ही त्यानं स्वतःच घातलेली शिस्त. त्याची प्रत मानसिंग रविवारी कट्ट्यावर देणार होता.

“आमचं दान आता मोट्या प्रेसातनं येतंय, बगा,” त्यानं टपालाच्या खिडकीत सांगितलं. तिथल्या माणसानं मोजदाद न करता गठ्ठे आत घेतले.

रविवारी मानसिंग आला नाही. आला तो इमामसाब, वळसंगच्या एसटीनं, घामाघूम. त्यानं अंक पटावर आपटला. वर ‘दान’ हीच अक्षरं, आणि खाली धर्मशाळेच्या पायरीवर उभ्या शेठजींचा हार घातलेला फोटो. आत अन्नदान, गोदान, भूदान, पानापानावर मदतीचं आवाहन. सोंगटी औषधालासुद्धा नव्हती. शेवटच्या पानावर ‘मासिक आता अधिक पवित्र कार्यास वाहिले आहे’ अशी एक ओळ आणि खाली संपादक म्हणून मानसिंगचं नाव.

“दोनी आळ्या माज्या दुकानाम्होरं येऊन बसल्या हुत्या, निवाडा वाचायला,” इमामसाब म्हणाला. “समदी म्हनत्यात, सोलापूरवाल्यानं आमाला इकलं. मी म्हनलं, रेवणसिद्धाला ठाव नसंल. तर म्हनत्यात, पट्टीवर अक्षर कुनाचं हाय मग?”

रेवणसिद्धानं पट्टी हातात घेतली. अक्षर त्याचंच होतं.

“मला ठाव नव्हतं, इमामसाब.”

“माज्याम्होरं नगं. येऊन गावाला सांग.”

आधी तो मानसिंगकडे गेला. संस्थेच्या नव्या कचेरीत टेबलामागे मानसिंग बसला होता. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला, आवाजात तोच गोडवा.

“नावच दिलंय रं फकस्त. मला हितं कायमची जागा मिळाली, वकिलाची हांजी हांजी सुटली. तू काढ की दुसरं मासिक.”

“आन् वाचक?”

“वाचक मासिकाचं असत्यात, रेवणा. मासिकावर नाव माजं हाय. तूच म्हनला हुतास.”

रेवणसिद्धानं चहा तसाच ठेवला. त्याला एकच गोष्ट कळत नव्हती. “मग माज्या हातनं का धाडलं? कुनीबी टाकलं असतं की स्टेशनावर.”

मानसिंग पहिल्यांदा थोडा घुटमळला. मग सरळ म्हणाला, “दुसरा कोन नेता, तर खिडकीतल्यानं उगडून बगितलं असतं, ह्ये खेळाचं मासिक न्हवं म्हून आडवलं असतं. तुजी वळख हाय. तुज्यावर इसवास हाय त्येंचा.”

त्यानं नाव नेलं, वाचक नेले, हे एकवेळ सोसलं असतं. पण वर्षानुवर्षं समोर बसून त्यानं या माणसाचा भलेपणा हेरून ठेवला होता आणि वेळ आल्यावर हमालासारखा वापरला होता. रेवणसिद्धाच्या तोंडात शिवी आली नाही. तो संतापानं उठला आणि कचेरीतून बाहेर पडला.

घरी ईरम्मानं ऐकलं आणि कपाळ बडवलं. “अय्यो! उद्याच वळसंगला जावा री. समद्यांना त्याचं नाव घेऊन सांगा. चूप बसलासा तर तुमीच चोर ठरता.”

तो गेला. इमामसाबच्या दुकानापुढं दोन्ही आळ्या जमल्या होत्या. वर्षभर बोलत नसलेली माणसं याच्यावर रागवायला एकत्र आली होती. शिवप्पा नावाचा एक म्हातारा पुढं होता.

“आमी तुज्या सबुदावर थांबलो,” शिवप्पा म्हणाला. “तुज्या अक्षरातला पत्ता, तुज्याच हातनं टपालात पडला. आन् आत काय हाय ते तुला ठाव न्हवतं?”

कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यात सगळं होतं. ठाऊक नव्हतं म्हणायचं, म्हणजे या सगळ्यांसमोर मान्य करायचं की ज्याच्यासाठी आयुष्यभर आपल्या सोंगट्या मागं ठेवल्या, त्यानं आपल्याला बैलासारखं गाडीला जुंपलं आणि आपण ऐटीत ओढत नेलं. वाटेत त्यानं वाक्य पाठ केलं होतं. ते त्यानं सोडून दिलं.

“ठाव हुतं,” रेवणसिद्ध म्हणाला.

शिवप्पा थुंकला आणि काठी टेकत निघून गेला. हळूहळू बाकीचेही उठले. निवाडा काय, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

इमामसाब मात्र एसटीच्या थांब्यापर्यंत मागोमाग आला. “लबाड का बोललास?”

“फसलो म्हनायला जीब उटंना,” रेवणसिद्ध म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

“तुजी जीब उटंना, व्हय?” इमामसाबचा आवाज चढला नाही. “मी गावभर सांगत हिंडलो, माजा मानूस तसा न्हाय. कुरानावर हात ठिवायचा बाकी हुता माजा. आता त्येंच्यात मी कोन झालो, सांग की.”

सोलापूरची एसटी आली. रेवणसिद्ध तीत चढला, आणि इमामसाब दुकानाकडे परत गेला.