भाचीने केलेली हवेची नळी

अण्णांची मुलगी, म्हणजे माझी भाची, इंजिनियरिंगला गेली तेव्हा महादेवपुऱ्यात माझ्याकडे राहायला आली. कॉलेज माझ्या फ्लॅटपासून जवळ होतं. अण्णांचं कापडाचं दुकान आणि त्यावरचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी एकटीच असते, त्यामुळे मलाही सोबत झाली.

वहिनी गेल्या तेव्हा ही पोर जेमतेम शाळेत जायला लागली होती. स्कूटरवरून भाजी आणायला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. त्यानंतर अण्णांनी कुठल्याही गाडीच्या हँडलला हात लावला नाही. बस, रिक्षा, आता मेट्रो. आणि नेमकं त्यांच्याच मुलीला इंजिनांचं वेड लागलं.

कॉलेजातली मुलं स्पर्धेसाठी एक छोटी, एकाच माणसाची रेसिंग कार बनवत होती. हिच्याकडे काम आलं ते इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचं. माझ्या जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या.

"एवढ्याशा नळीत करायचं तरी काय असतं?" मी एकदा विचारलं.

"आत्या, सगळं तिच्यातच असतं," ती म्हणाली. इंजिन श्वास घेतं, झडप मिटते, आत धावत येणारी हवा तिच्यावर आपटते आणि दाबाची लाट नळीतून उलटी जाते. तोंडापर्यंत जाऊन ती फिरून येते. नेमकी झडप पुन्हा उघडताना ती आली, तर जास्तीची हवा आत ढकलते आणि ताकद वाढते. नळी लांब असेल तर लाटेला वेळ लागतो. मग हा मेळ इंजिन हळू फिरताना जुळतो. आखूड असेल तर जोरात फिरताना. अरुंद नळीत कमी वेगालाही हवा जोरात धावते, पण इंजिन भरधाव फिरायला लागलं की तीच नळी त्याचा गळा आवळते. रुंद नळीचं बरोबर उलटं.

टीमच्या कॅप्टनने आदल्या वर्षी आखूड आणि रुंद नळी बनवली होती. तिच्यावर त्याने सगळी सुट्टी घालवली होती, आणि कागदावर तिची ताकद सगळ्यांत जास्त होती. माझ्या भाचीचं म्हणणं, स्पर्धेचा ट्रॅक वळणावळणांचा आहे. वळणातून बाहेर पडताना गाडीने वेग उचलला पाहिजे, तिथे ही कमाल ताकद कधी वापरायला मिळणार? तिने लांब, अरुंद नळी बनवली. दोघांचं वाजलं. तिच्याशी तो कामापुरतंच बोलू लागला, आणि ती घरी येऊन न जेवता झोपू लागली. मला दोघांचीही दया यायची. दोघांनीही जीव ओतला होता.

शेवटी ठरलं की गाडीवरच बघू. देवनहळ्ळीजवळ एका नव्या लेआउटचे रस्ते तयार होते, घरं अजून उठली नव्हती. तिथल्या मालकाने रविवारी सकाळी परवानगी दिली. मी तिला माझ्या कारमधून घेऊन गेले. पोहोचतो तर फाटकाशी अण्णा उभे. हातात डबा. पहिल्या बसने आले होते.

"दुकान बंद आहे आज. म्हटलं, पोरं उपाशी असतील," एवढंच म्हणाले.

आधी कॅप्टनने स्वतःची नळी लावून फेऱ्या मारल्या. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट जायची, पण वळणातून निघताना रेंगाळायची, हे मलासुद्धा दिसत होतं. मग त्यांनी क्लिपा सोडवून भाचीची नळी बसवली. कॅप्टनने हेल्मेट काढून तिच्यापुढे धरलं.

"तू बनवलीस, तूच चालव," तो कन्नडमध्ये म्हणाला. "मी चालवली आणि वाईट म्हटलं, तर तुला पटणार नाही."

तिने हेल्मेट घेतलं नाही. वळून वडिलांकडे पाहिलं. ती गाडी बनवते हे त्यांना माहीत होतं. चालवण्याचा विषय घरात कधी निघालाच नव्हता. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, पुढे गेले, आणि हेल्मेट स्वतः घेतलं.

"सरी, चालव," ते म्हणाले. "पण पट्टा मी बांधणार."

आयुष्यभर कापड मोजणारे, गाठी बांधणारे ते हात, पण ते बक्कल काही केल्या लागेना. ती मान वर करून उभी राहिली. कॅप्टन मदतीला सरसावला, मी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. शेवटी बक्कल लागलं. अण्णांनी ते दोनदा ओढून पाहिलं आणि बाजूला झाले.

ती गाडी घेऊन निघाली. अण्णांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखायला लागलं. वळणांतून गाडी सपकन वेग उचलत होती. पण सरळ रस्ता लागला की आवाज चढायचा नि वेग चढायचाच नाही.

ती उतरली, हेल्मेट काढलं आणि सरळ कॅप्टनकडे गेली. "इंजिन जोरात फिरलं की गुदमरतं. मी नळी फार बारीक केली."

तो जिंकल्यासारखं हसेल असं मला वाटलं होतं. तो खाली बसून नळीच्या तोंडात बोट फिरवत होता. "वळणावर माझ्यापेक्षा चांगली निघते," तो म्हणाला. "मी बघत होतो. लांबी तुझीच ठेवू. व्यास स्वल्प वाढवू."

मग दोघं तिथेच रस्त्यावर बसून खडूने आकडे मांडू लागले. त्यांना खायला बोलवावं लागलं. अण्णांनी सगळ्यांना डब्यातलं चित्रान्न, लिंबाचा फोडणीचा भात, वाढलं.

परत येताना अण्णा माझ्या शेजारच्या सीटवर बसले होते. भाची मागे. मागे न वळताच त्यांनी विचारलं, "मघाशी त्याला लाट फिरून येते म्हणालीस, ती कशी गं? मला नीट सांग." हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये ती त्यांना सांगत बसली. अधूनमधून ते "हं" म्हणत होते.

नवी नळी स्पर्धेत उत्तम चालली. गाडी पहिली आली नाही, मधेच कुठेतरी आली. ब्रेकने दगा दिला. पण पहिल्या वळणातून गाडी बाहेर उसळली तेव्हा प्रेक्षकांत उभे राहून अण्णा ओरडले, आणि ओरडून झाल्यावर रुमालात तोंड लपवून रडले.