आधी तरस की आधी गेंडा

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांकडे तिकिटांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. तिकिटांना निदान वाळवी तरी लागते! सत्तरच्या दशकात देवळीला गुलाबरावांच्या बियाण्याच्या दुकानात दर रविवारी आम्ही चौघं बसायचो. दुकानाचे मालक गुलाबराव, एसटीत कंडक्टर असलेले नामदेवराव, शाळेतले कांबळे सर आणि मी. आमच्या बायकांच्या मते आम्ही चौघंही कामातून गेलेलो होतो.

* * *

पाकीट आलं की आधी तिकीट सोडवायचं, हा कांबळे सरांचा कायदा. एकदा नवीन तिकीट दिसल्यावर त्यांनी घाईघाईत न उघडलेलं पाकीटच परातीत भिजत घातलं. दोन दिवसांनी सासरे ट्रंक घेऊन दारात उभे. स्टँडवर घ्यायला कोणी आलं नाही म्हणून तापलेले.

"जवाई, माही चिठ्ठी नाई भेटली काय?"

"तिकीट भेटलं ना," सर म्हणाले. "मस्त आहे."

* * *

नामदेवरावांची गाडी समुद्रपूरची. वाटेवरच्या एका गावात एका माणसाला कुवेतच्या भाच्याची पत्रं यायची. गाडीत पाय ठेवायला जागा नसली तरी त्या माणसाला खिडकी मिळायचीच! एकदा त्या गावात गाडी थांबली ती हलेचना. लोक ओरडायला लागले, "काऊन थांबली जी गाडी?"

नामदेवराव शांतपणे म्हणाले, "पोस्टमन यायचा आहे."

* * *

मग एका चहा कंपनीनं पुड्यात जंगली प्राण्यांची चित्रकार्डं टाकायला सुरुवात केली आणि आमची तिकिटं मागे पडली. गुलाबरावांना चहानं पित्त व्हायचं, म्हणून दुकानात येईल त्याला ते चहा पाजायचे. भर उन्हाळ्यात, पेरणीचा पत्ता नसताना, लोक बियाण्याची चौकशी करायला येऊ लागले! नामदेवरावांच्या घरी तर डबे कमी पडले. वहिनी कावल्या, "आता वरणात टाकू काय चायपत्ती?"

नामदेवरावांनी थोडा विचार केला. "टाकून पाह्य."

* * *

शेवटी दोघांचाही संच एकेका कार्डावर अडला. गुलाबरावांकडे तरस नव्हतं, नामदेवरावांकडे तरस दोन. नामदेवरावांकडे गेंडा नव्हता, गुलाबरावांकडे गेंडे दोन. आता यात अडायचं काय? पण जो आधी देईल, त्याच्या आधी दुसऱ्याचा संच पूर्ण होणार! हे दोघांनाही मंजूर नव्हतं.

कांबळे सरांनी तोडगा काढला. तीन म्हटलं की दोघांनी एकदमच कार्ड काउंटरवर ठेवायचं.

"एक, दोन, तीन!"

दोघांचेही हात खिशातच.

"तू ठेवलं नाई," गुलाबराव म्हणाले.

"तू ठेवशील म्हणून थांबलो ना बे!"

असं काही वर्षं चाललं.

* * *

एक दिवस गुलाबरावांच्या छातीत कळ आली. त्यांना वर्ध्याला दवाखान्यात ठेवलं. नामदेवराव ड्युटी सोडून धावले. कॉटजवळ उभे राहून ढसाढसा रडले आणि तरसाचं कार्ड त्यांनी गुलाबरावांच्या हातात ठेवलं. "घे गड्या. तुह्यापेक्षा तरस मोठं आहे काय?" खरं सांगतो, मलाही भरून आलं.

आठवडाभरात गुलाबराव बरे होऊन दुकानात बसले. नामदेवरावांनी हात पुढे केला. "माहा गेंडा?"

"तू तरस कवा देल्लं? मी मरून राह्यलो होतो तवा. तू बी तसा पड, तुले बी देतो!"

थोड्याच दिवसांत नामदेवराव छाती धरून त्याच दवाखान्यात दाखल झाले. निरोप मिळताच गुलाबराव दुकान उघडं टाकून निघाले. मी सोबत होतो. कॉटजवळ पोचलो तेव्हा गुलाबरावांचे डोळे भरले होते आणि गेंडा हातात होता.

तेवढ्यात डॉक्टर आले. नाडी पाहिली, छाती तपासली, कागद चाळले. "यांना काहीही झालेलं नाही. घरी घेऊन जा."

गुलाबरावांनी डोळे पुसले आणि गेंडा परत खिशात ठेवला.

नामदेवराव ताडकन उठून बसले. त्यांनी डॉक्टरांचा हात धरला. "साहेब, अजून एकदा पाहा ना जी! काहीतरी निघनच!"